मिनिटाला पन्नास आणि मिनिटाला चौऱ्याऐंशी

माझ्या वहीत त्या संध्याकाळच्या पानावर 'नानांच्या मक्यात, तीन तास' असं लिहिलेलं आहे. हा आकडा चुकीचा आहे. तो कोणी दुरुस्त केला ते शेवटी सांगतो. आधी मी दुसऱ्याच्या मक्यात तेलाचा रिकामा डबा घेऊन का उभा होतो, ते सांगायला हवं.

आमची मुलगी पुण्याला पल्सरवर पीएच.डी. करत होती. पल्सर म्हणजे एक प्रकारचे तारे. त्याच नावाची मोटारसायकल असल्यामुळे नातेवाइकांत जे काही व्हायचं ते पहिल्या वर्षीच होऊन गेलं होतं. आता पाचवं वर्ष चालू होतं. त्या माघात ती न कळवता जळगावला घरी आली. एरवी ती एक बॅग आणते. या वेळी दोन होत्या. मी त्या मोजल्या आणि आत नेऊन ठेवल्या.

जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मी सोडतेय."

"काय?"

"पीएच.डी."

तिच्या आईचा हात पोळीच्या डब्यावर तसाच राहिला. मी विचारलं, "किती झालंय?"

"सत्तर टक्के असेल."

"असेल म्हणजे? मोजलंय का?"

"पप्पा!" मुलगी म्हणाली आणि "अहो!" तिची आई म्हणाली. दोन्ही एकदम आलं म्हणून मी भाजी वाढून घेतली.

मी इथल्या एका डाळमिलमध्ये माल तपासतो. पोत्यात सळई खुपसून नमुना काढायचा, शंभर ग्रॅम डाळ ताटलीत पसरायची, त्यातला तुकडा, खडा, साल आणि किडका दाणा वेगळा करायचा, तोलायचा आणि लिहायचा. बावीस वर्षं मी हेच करतो आहे. 'अंदाजे' हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारला तर मालक त्याच्याकडे नुसतं बघतात. या सवयीचा घरच्यांना त्रास होतो हे मला मान्य आहे. पण सवय आहे.

सोडण्याचं कारण तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. "पाच वर्षं मी फाइली उघडतेय, पप्पा. दुर्बीण दुसऱ्यांची, निरीक्षणं दुसऱ्यांनी केलेली, तीही जुनी. एकही तारा मी माझ्या हातानं पकडलेला नाही. कधीकधी वाटतं, हे खरंच वर काही आहे, की नुसते आकडे आहेत?"

'नुसते आकडे' हे मला लागलं. 

जळगावातल्या एका क्लासनं तिला फिजिक्स शिकवायला बोलावलं होतं. हो की नाही ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. क्लास वाईट नव्हता. घरापासून चालत अकरा मिनिटं. माझ्या बायकोनं मुलीची खोली झाडायलाही घेतली होती. मलाच आतून बरं वाटत नव्हतं. सत्तर टक्के तपासलेलं पोतं शिवून टाकायचं म्हणजे काय?

मग ती म्हणाली, "सोडायच्या आधी एक करायचंय. एक पल्सर स्वतः पकडायचा. स्वतः केलेल्या अँटेनानं."

"पकडला तर?"

"तर बघू."

'बघू' या शब्दाची टक्केवारी काढता येत नाही. पण तो 'नाही' नव्हता. मी मिलमधून आठवड्याची रजा टाकली.

अँटेना म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी. तिच्या तीन भिंती एकमेकींना काटकोनात जोडायच्या, गोठ्याच्या कोपऱ्यासारख्या, आणि तो कोपरा आकाशाकडे तोंड करून ठेवायचा. मध्ये तांब्याची एक दांडी, तिला वायर, वायरीला बोटाएवढा रिसीव्हर आणि तो लॅपटॉपला. पहिल्यांदा आम्ही हे जळगावला गच्चीवर लावलं. तिनं पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "लग्नाच्या मांडवात कुणाच्या कानाशी कुजबुजल्यासारखं आहे हे." मोबाईलचे टॉवर, दुकानांच्या पाट्या, गिरण्या, दिवे, शहरातली प्रत्येक वस्तू थोडा थोडा रेडिओ सोडत असते. ताऱ्याचा आवाज त्याच्यापुढे काहीच नाही. तेव्हा ठरलं, आबांकडे जायचं.

आबा म्हणजे माझे सासरे. नरडाणा आणि दोंडाईचाच्या मध्ये त्यांचं गाव आहे. रेल्वेत आमच्यासमोर बसलेल्या एका गृहस्थांनी जाळीची गुंडाळी पाहून विचारलं, "कितल्या कोंबड्या शेतस?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"मंग जाळी?"

"तारा धरायला."

अमळनेर आलं तेव्हा ते उतरले नाहीत, फक्त त्यांनी जागा बदलली.

आबांना आधी समजावून सांगणं भाग होतं, कारण अँटेना लावायची ते खळं त्यांचं. त्यांच्या गव्हात तेव्हा तुषार सिंचनाचे फवारे चालू होते. मुलीनं त्यांना तिथेच नेलं.

"आबा, हा फवारा गोल फिरतो ना? तुम्ही इथं उभे राहिलात तर पाणी सारखं अंगावर येतं का?"

"नही. एक फेरामा एक दाव येस."

"तसाच तो तारा. म्हणजे मेलेला तारा. सूर्यापेक्षा जड, पण आकारानं एवढासा की जळगावहून निघालं तर भुसावळ यायच्या आत संपेल. तो गरागरा फिरतो आणि त्याच्या दोन टोकांतून रेडिओचे झोत निघतात. झोत आपल्यावरून गेला की एक ठोका. आपल्याला जो धरायचाय तो मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके देतो."

"मंग हाई ते समजनं. त्यामा पाच वरीस शिकानं काय शे?"

"नोझलमधून झोत नेमका कसा निघतो, तेच कुणाला पक्कं सांगता येत नाही. पन्नास वर्षांहून जास्त झालीत, भांडतायत. त्यातून माझे तारे मध्येच बंद पडतात. वीस-पंचवीस फेरे काहीच नाही, मग परत सुरू, जसं काही झालंच नाही. ते का, त्यात माझी पाच वर्षं गेली."

आबांनी फवाऱ्याकडे पाहिलं. "नोझलमा कचरा अटकना व्हई," ते म्हणाले.

"आबा, हे अजून कुणी छापलेलं नाही."

"छापी टाक. मनं नाव नको लिखू."

आठ दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मी वेळ लिहून ठेवली नाही, पण ठेवायला हवी होती.

गुरुवारी अँटेना उभी राहिली. गावातला रेडिओचा गोंगाट कुठून कुठून येतो ते ऐकण्यासाठी तिनं रिसीव्हरला एक लहानसा स्पीकर जोडला. ताऱ्याचा ठोका कानानं ऐकू येण्याइतका मोठा नसतोच, हे तिनं मला सांगितलं होतं. आबांना सांगितलं नव्हतं. एक जोडणी सैल निघाली म्हणून ती दोंडाईचाला सामान आणायला गेली आणि जाताना म्हणाली, "हात लावू नका कुणी. मी दोन तासांत येते."

ती गेल्यावर पाऊण तासानं स्पीकरमधून आवाज यायला लागला. टक्. मग थोडं थांबून टक्. परत टक्. अगदी मापात.

आबा खाटेवरून उठले. "जवाईबापू, धरायना!"

"आबा, जरा थांबा..."

"थांबानं काय? तारा थांबी का?"

आमच्या खानदेशात नवं यंत्र दारी आलं की ते आधी माणसांचं असतं, मग कामाचं. ट्रॅक्टर असो की पिठाची चक्की, त्याला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, पुढच्या बाजूला लिंबू-मिरची लागते आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर खोबरं पडतं. दहा मिनिटांत जाळीच्या तिन्ही भिंतींना कुंकवाची बोटं लागली होती. तांब्याच्या दांडीला लिंबू लटकत होतं. खळ्यावर माणसं जमली. ज्याला त्याला स्पीकरला कान लावायचा होता, म्हणून आबांनी रांग लावली. बायकांची वेगळी. एकानं तो आवाज फोनवर भरून 'आमच्या गावात तारा' म्हणून स्टेटसला टाकला.

मी घड्याळ काढलं आणि मोजलं. मिनिटाला पन्नास. परत मोजलं. पन्नास. तिसऱ्यांदा एकावन्न आले, पण त्या वेळी मी सुरुवातीला एक सेकंद घाई केली होती. मुलीनं खांबाला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं होतं: मिनिटाला चौऱ्याऐंशी.

मी त्या गर्दीकडे पाहिलं. तेवीस माणसं होती आणि सगळ्यांच्या तोंडात खोबरं होतं. गप्प बसलो असतो तर काही बिघडत नव्हतं. पण बावीस वर्षांत मी खडा असलेल्या डाळीला चांगलं म्हटलेलं नाही. मी म्हणालो, "आबा, हा तो तारा नाही. पन्नासच ठोके येतायत."

सगळ्यांचं खोबरं चावणं थांबलं. फक्त टक्, टक् चालू होतं.

"कमी मोजात व्हतीन तुम्ही," आबा म्हणाले.

"तीनदा मोजलं."

"मंग थकना व्हई तो. पाच हजार वरीसथून चाली राह्यना सांगे ती पोर. माणूस थकस, तारा नही थकाव?"

रांगेतल्या लोकांना हे पटलं. माझ्याकडे ते ज्या नजरेनं बघत होते, तिचा अनुभव मला मिलमध्ये आहे. माल परत केला की गाडीवाला तसाच बघतो.

तेवढ्यात मुलगी परत आली. स्टँडपासून घरापर्यंत तिला तीन जणांनी 'तारा धरायना' म्हणून सांगितलं होतं. असं होऊ शकत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तरी ती शेवटचं वळण धावत आली होती. तिनं स्पीकरजवळ दोन सेकंद कान दिला. त्या दोन सेकंदांत तिचा चेहरा उजळला आणि विझला, हे दोन्ही मी पाहिलं.

"नानांचं झटका मशीन," ती म्हणाली.

नाना म्हणजे शेजारच्या वावराचे मालक. त्यांचा मका आबांच्या बांधाला लागून, सव्वादोन एकर, कणसं भरत आलेली. नाल्याकडून रानडुकरं येतात म्हणून त्यांनी मक्याभोवती तार ओढली होती आणि तारेला बॅटरीवरचं झटका मशीन लावलं होतं. ते दर थोड्या वेळानं तारेत एक झटका सोडतं. जनावर दचकतं, मरत नाही. तारेला जिथे मक्याची पानं टेकतात तिथे प्रत्येक झटक्याला बारीक ठिणगी उडते आणि ती ठिणगी रेडिओत ऐकू येते. मिनिटाला पन्नास.

नाना बांधापलीकडे उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांच्याही हातात खोबरं होतं. "मना मशीनले नारळ फोडा तुम्ही?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

हे त्यांनी मला विचारलं, आबांना नाही. आबा आणि नाना बांधावरच्या एका बाभळीवरून आठ वर्षं बोलत नव्हते. एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत, एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी लोणचं जाई, पण बोलणं तिसऱ्यामार्फत. त्या आठवड्यात तिसरा मी होतो.

शुक्रवारी दुपारपर्यंत आम्ही बापलेक गावात हिंडून गोंगाट मोजत होतो. गिरणीवाला पाच ते आठ चक्की बंद ठेवायला तयार झाला, कारण त्याला तसंही गावाला जायचं होतं. शेतीपंपांची वीज त्या आठवड्यात दुपारी दोनपर्यंतच होती, तो प्रश्न नव्हता. आबांच्या घरातले चार दिवे मी स्वतः काढून डब्यात ठेवले. मोबाईल सगळ्यांचे बंद. राहिलं ते नानांचं मशीन. पानं छाटून ठिणग्या थांबवायच्या तर तारेची लांबी पाहता चार माणसांचं दोन दिवसांचं काम. मशीन बंद करणं हाच उपाय होता, आणि तारा सर्वांत उंच यायची वेळ संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराची. नेमकी डुकरांची.

बोलणी बांधावर झाली. आबा आणि नाना एकमेकांपासून सहा फुटांवर उभे होते. मी मध्ये.

"जवाईबापू, तेस्ले सांगा, तीन तासना प्रश्न शे," आबा म्हणाले.

"तीन तास," मी नानांना सांगितलं.

"ऐकी लिधं मी. मी बहिरा नही शे. तेस्ले सांगा, तीन तासमा डुकरं बठ्ठा मका खाई जातीन."

"ते म्हणतात..."

"ऐकनं मी," आबा म्हणाले.

 मुलगी नानांकडे बघत नुसती उभी होती. हातात तिच्या दोंडाईचाहून आणलेली ती जोडणी होती, ती ती उगाच फिरवत होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं. "पोर, हाई नही जमनं ते तू काय करशी?"

"क्लासमध्ये शिकवेन, नाना."

"आनि जमनं ते?"

तिनं जोडणी फिरवायची थांबवली. "तर राहिलेलं पूर्ण करेन," ती म्हणाली. 'बघू' ऐवजी पहिल्यांदाच काहीतरी मोजता येण्यासारखं बाहेर पडलं होतं.

नानांनी मान हलवली. "बंद करसू मशीन. पन जेनी पोर, तेनीच राखण करानी. मना मकामा. डबा मी देसू."

म्हणून मी मक्यात उभा होतो.

नाल्याच्या बाजूला माझी जागा, समोरच्या कोपऱ्यात नाना. मोबाईल जवळ नाही. पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि एक दांडका. निघताना आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, डबा वाजवला तर तारा बिचकणार नाही ना? मुलीनं त्यांना समजावलं की आवाज वेगळा आणि रेडिओ वेगळा. "मंग ठीक," ते म्हणाले, "पन हळू वाजाडा."

दिवस मावळेपर्यंत काही झालं नाही. माझ्या डोक्यात मुलीनं सांगितलेला हिशेब चालू होता. एक ठोका गोंगाटात दिसत नाही. पण तीन तासांचे सगळे ठोके एकावर एक बरोबर मापात ठेवले, तर गोंगाट एकमेकांत विरून जातो आणि ठोका तेवढा वाढत राहतो. हे मला लगेच समजलं होतं. एका ताटलीवरून गाडी ठरवता येत नाही. खूप ताटल्यांवरून येते. तीन तासांत किती ठोके? मी उभ्या उभ्या भागाकार केला. पंधरा हजार एकशे पंधरा. बरोबर आहे का म्हणून उलटा गुणाकार करत होतो तेव्हा नाल्याकडून पानं खसखसली.

रानडुकरं होती. एक मोठं पुढे, मागे बाकीची. मी डबा उचलला. पण किती आहेत हे कळल्याशिवाय मला तो वाजवता येईना. चार दिसली. मग पाचवं. दोन पिल्लं मागे होती की तीन, ते नीट दिसत नव्हतं. मक्याची ताटं कडाकडा मोडायला लागली.

"वाजाडा ना भो!" समोरच्या कोपऱ्यातून नाना ओरडले. "काय करी राह्यनात?"

"मोजतोय!"

"मोजतस काय? त्या काय तुम्हना पाहुणा शेतस?"

सात होती. मी डबा वाजवला. हळू वाजवायला सांगितलं होतं हे विसरलो. सातही नाल्यात गेली. नाना वाकत वाकत माझ्यापर्यंत आले आणि मोडलेल्या ताटांकडे बघून म्हणाले, "जवाईबापू, डुकरं राखाना काममा मोजणी नही लागस."

आठ वाजले तसा मी डबा वाजवतच खळ्यावर परत आलो, मशीन चालू करून मागून नाना. ओसरीत कंदील होता. मुलगी लॅपटॉपपुढे बसली होती आणि आबा तिच्या मागे. पडद्यावर एक सपाट, थरथरती रेघ होती आणि तिच्या मध्यावर एक उंचवटा. माळरानावर लांबून वारूळ दिसावं तेवढा.

"हा," ती म्हणाली. आणि तिनं त्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"इतलासा?" आबा म्हणाले.

मला खूप काही वाटत होतं. पण तोंडातून जे निघालं ते हे: "हे नानांचं मशीन नाही कशावरून? किंवा गावातलं दुसरं काही?"

माझी बायको नव्हती तिथे म्हणून बरं. पण मुलगी रागावली नाही. ती माझ्याकडे वळली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बरोबर आहे. उद्या तेच बघायचं. उद्या अँटेनाचं तोंड उलटीकडे फिरवायचं, ताऱ्याकडे पाठ. गावातला गोंगाट असेल तर उंचवटा उद्याही दिसेल. ताऱ्याचा असेल तर काही दिसता कामा नये."

"आणि दिसला तर?"

"तर सोमवारी क्लासला हो म्हणायचं."

शनिवारी सकाळी मी आणि नाना मोडलेली ताटं मोजायला गेलो. मी तेवीस म्हणालो, ते चाळीस म्हणाले. दोघांनी मिळून मोजली तेव्हा सव्वीस भरली. तीन खाली दबलेली होती, ती माझी चुकली. मग मी त्यांना सांगितलं की मशीन आज परत बंद ठेवायचंय आणि कालच्यापेक्षा चार मिनिटं आधी, कारण तारा रोज चार मिनिटं लवकर येतो.

"हाऊ कसा तारा? एस.टी. रोज उशिरा येस, हाऊ रोज लवकर?" ते म्हणाले. अँटेना उलटी ठेवणार हे ऐकल्यावर तर ते दांडक्यावर टेकून उभेच राहिले. "काल दिसना ना? मंग आज तोंड कसाले फिरावतस?"

"आज काही दिसू नये म्हणून."

"म्हंजे तीन तास डुकरं हाकलानी, काहीच नही दिसावं म्हनीसन?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता नाही म्हणणार. पण त्यांनी डबा पुढे केला. "आज मोजू नका," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी काहीही न सापडावं म्हणून डुकरं हाकलली. दोनदा आली. मी एकदाही मोजली नाहीत, त्यामुळे तो आकडा माझ्याकडे नाही.

परतलो तेव्हा ओसरीत माणसं जमली होती. गावाला कळलं होतं की आज काही दिसलं नाही तर चांगलं. लॅपटॉप ठोके एकावर एक रचत होता आणि रेघ हळूहळू शांत होत होती.  मुलीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, लहानपणी निकालाच्या दिवशी धरायची तसे. रेघेवर एका ठिकाणी थोडा फुगवटा आला.  मग तोही विरला. शेवटी रेघ सपाट झाली. टोकापासून टोकापर्यंत, झाडून घेतलेल्या खळ्यासारखी.

"काही नाही," मुलगी म्हणाली. मग मोठ्यानं, "पप्पा, काही नाही!"

नाना पुढे वाकले आणि सरळ आबांना विचारलं, "मंग कालना तारा शे ना भो?"

"शे ना भो! तारा शे!" आबा म्हणाले.

आठ वर्षांत पहिल्यांदा. दोघांच्याही ते एकदम लक्षात आलं आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी सांगायचं विसरलो होतो. आबांनी घरात जाऊन गुळाची ढेप आणली आणि काहीही न सापडल्याबद्दल सगळ्यांना गूळ वाटला. मग भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली. लिंबू अजून त्या दांडीला लटकत होतं. मुलीनं ते काढू दिलं नाही.

सोमवारी तिनं क्लासला नाही कळवलं. पुण्याला जाताना तिनं एक बॅग नेली. दुसरी आमच्याकडे राहिली, तिच्यात जाळी होती.

प्रबंध पूर्ण व्हायला त्यानंतर दीड वर्ष लागलं. तारे मध्येच गप्प का होतात, याचं तिनं काहीतरी उत्तर दिलं आहे. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण भांडणात आता तीही आहे. छापायला देण्याआधी तिनं मला फोन केला. "पप्पा, आभारांत लिहायचंय. नानांनी मशीन पहिल्या दिवशी नेमकं किती वेळ बंद ठेवलं होतं?"

मी वही काढली. "तीन तास." मग मला शंका आली. वेळ मी मक्यात लिहिली नव्हती, घरी आल्यावर लिहिली होती. मी नानांना फोन लावला.

"तीन तास? नही," नाना म्हणाले. "पाचले दोन मिनिट कमी व्हतात तवय मी बंद करं. आठ वाजीसन बारा मिनिटले चालू करं. घडी दखीसन. तुम्हनावर भरवसा नव्हता मना, तुम्ही डुकरं मोजी राह्यनतात."

तीन तास चौदा मिनिटं. मी मुलीला तोच आकडा कळवला. प्रबंधात तसंच छापलेलं आहे: शेजारच्या शेतकऱ्यानं मक्याची राखण सोडून आपलं यंत्र तीन तास चौदा मिनिटं बंद ठेवलं, म्हणून आभार. माझ्या वहीतला आकडा मात्र मी खोडलेला नाही. शेजारी बरोबर आकडा लिहिला आहे आणि कंसात, नानांकडून.